गुहेतल्या पाकोळ्या



आज एका चुकीची गोष्ट सांगते. चूक माझीच आहे, त्यामुळे कुणावर रागवायचा प्रश्न नाही!

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. खंडाळा तालुक्यातल्या एका वाडीवरची आमची शाळा. चार खोल्या आणि पुढं लांबलचक व्हरांडा. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून रंग आणला होता. रंगारी आले, शिडी लावली आणि व्हरांड्याच्या छताकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, ह्या घरट्यांचं काय करायचं?"

छताच्या कोपऱ्यात पाकोळ्यांची चौदा घरटी होती. एकाला एक चिकटलेली, पिसांची आणि गवताची. खाली फरशीवर रोज शिटेचे ठिपके पडायचे आणि ते पुसायचं काम पाळीपाळीनं मुलांकडे असायचं. मी फारसा विचार केला नाही. "खरवडून टाका," म्हणाले.

पत्र्याच्या पट्टीनं त्यांनी घरटी खरवडली. तीन घरट्यांत पिल्लं होती. ती खाली पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. आम्ही ती उचलून खोक्यात ठेवली, पाणी पाजायचा प्रयत्न केला. एकही जगलं नाही.

झाडलोट करायला आलेल्या मुलांत तिसरीतला एक पोरगा होता. तो एक फुटकं घरटं हातात घेऊन बराच वेळ बघत बसला होता. मग त्यानं विचारलं, "बाई, ह्यात माती नाही, डिंक नाही, दोरा नाही. मग हे छताला चिकटलं कशानं?"

मला उत्तर आलं नाही. दहा-बारा वर्षं त्या घरट्यांखालून ये-जा केली, शिटेचे ठिपके पुसून घेतले, पण ती चिकटतात कशानं, हे मला माहीत नव्हतं!

पुस्तकं धुंडाळली तेव्हा उत्तर सापडलं. पाकोळी आपली लाळ वापरते. उडता उडता हवेत तरंगणारी पिसं आणि गवताच्या काड्या ती चोचीत पकडते आणि आपल्या चिकट लाळेनं त्या एकमेकांना आणि भिंतीला चिकटवते. लाळ वाळली की घट्ट होते. आणि हे वाचताना आणखी एक गोष्ट समजली. आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रात, वेंगुर्ल्याजवळच्या एका बेटावर, गुहेत राहणाऱ्या पाकोळ्या आहेत. त्यांच्या घरट्यात लाळेचा वाटा फार मोठा असतो. म्हटलं, आता हे बघायलाच हवं.

माझी थोरली ताई सिंधुदुर्ग जिल्ह्यात परुळ्याला राहते. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जायचं ठरवलं. रात्रीच्या एसटीनं निघाले. खंबाटकीचा घाट, सातारा, कराड, कोल्हापूर मागे पडलं आणि सकाळी कुडाळला उतरले तेव्हा अंगाला दमट वारा लागला. तुमच्यापैकी ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना सांगते, समुद्र दिसायच्या आधी अंगाला जाणवतो! केस चिकट होतात आणि ओठ चाटले तर खारट लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि माझी आठवीतली भाची निवतीच्या किनाऱ्यावर पोचलो. तिथल्या एका होडीवाल्या काकांशी भावोजींनी आधीच बोलून ठेवलं होतं. काकांनी पहिल्यांदा आमच्या अंगात लाईफ जॅकेटं चढवली, ओढून पट्टे घट्ट केले आणि मगच होडीत पाय ठेवू दिला. दुपारी वारा वाढतो, समुद्र खवळतो, म्हणून उन्हं तापायच्या आत परतायचं, असं त्यांनी बजावलं.

होडी निघाली. किनाऱ्यापासून थोडं आत गेलो तोच भाची ओरडली, "मावशी, ते बघ!" पाण्यातून एक राखाडी पाठ वर आली, तिच्यावर उंचवटा होता, त्या उंचवट्यावर छोटासा पर. मग दुसरी पाठ, तिसरी. डॉल्फिन! डॉल्फिन मासा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, म्हणून त्याला दर थोड्या वेळानं पाण्यावर यावंच लागतं. काकांनी इंजिन बंद केलं. चहूकडे शांतता झाली आणि आम्हाला त्यांचा श्वास सोडल्याचा "फूऽस्स" आवाज स्पष्ट ऐकू आला. पाच-सात मिनिटं ते आमच्या आसपास होते. मग आपल्या वाटेनं निघून गेले.

पुढं एक समुद्र गरुड दिसला. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी. पंख एवढे रुंद की त्याची सावली पाण्यावरून सरकताना दिसली. हा पक्षी मासे आणि समुद्रातले साप पकडतो आणि किनाऱ्यावरच्या उंच झाडावर काटक्यांचं भलं मोठं घरटं बांधतो. तेच घरटं तो वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो.

तासाभरानं समोर खडकांचा पुंजका मोठा मोठा होऊ लागला. यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, निवती रॉक्स असंही म्हणतात. लहान-मोठे काळपट खडक समुद्रातून वर आलेले. एकावर दीपगृह. त्यातल्या एका मोठ्या बेटाचं इंग्रजी नाव आहे बर्न्ट आयलंड, म्हणजे जळालेलं बेट. याच बेटावर पाकोळ्यांची गुहा आहे.

लांबून बेटाभोवती डास घोंघावावेत तसं काहीतरी दिसत होतं. जवळ गेलो तसे त्या डासांचे पक्षी झाले! शेकडो. उन्हात चमकणारे काळपट-तपकिरी पक्षी, कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे पंख आणि वेग असा की नजर ठरेना. खडकातल्या एका काळ्या फटीकडे ते सरळ झेपावत होते. आता आपटणार असं वाटेपर्यंत अंग तिरकं करून आत शिरत होते. आत जाणारे आणि बाहेर येणारे, पण धक्का म्हणून कुणाचा कुणाला लागत नव्हता. आपल्याकडे मधल्या सुट्टीची घंटा झाली की वर्गाच्या दारात काय होतं, ते आठवून मला हसूच आलं.

भाची म्हणाली, "मावशी, आपण आत जाऊ या ना!" खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. इतक्या लांब आलो होतो. पण काकांनी होडी तिथंच थांबवली. म्हणाले, "बाईंनू, हंयसरसून बघा. आता पिल्लांचे दिवस आसत. तेंका तरास कित्याक देवचो?"

त्या वाक्यानं मी एकदम गप्प झाले. गेल्या जूनमध्ये हेच वाक्य मला सुचलं असतं तर!

आम्ही आत गेलो नाही. पण आत काय असतं ते अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे, ते सांगते.

ही पाकोळी लांबीला साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षाही लहान. तिचे पाय इतके आखूड की ती चालू शकत नाही, फांदीवर किंवा तारेवरही बसू शकत नाही. (विजेच्या तारेवर ओळीनं बसतात त्या भिंगऱ्या. त्या वेगळ्या.) नख्यांनी फक्त खडकाला लटकता येतं. त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ ती उडतच असते. उडतच माश्या, डास आणि बारीकसारीक किडे खाते आणि विसाव्याला गुहेत येते.

गुहेत मिट्ट काळोख. मग घर सापडतं कसं? खंबाटकीच्या बोगद्यातून गाडी जाताना हॉर्न कसा घुमतो, ऐकलाय ना? आवाज भिंतीवर आपटून परत येतो म्हणून तो घुमतो. ही पाकोळी अंधारात शिरताना "टिक टिक टिक" असा आवाज काढते. तो भिंतीवर आपटून परत येतो आणि भिंत किती जवळ आहे हे तिला कळतं. वटवाघळंही असंच करतात, पण बहुतेक वटवाघळांचा हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पाकोळीचा येतो. गंमत म्हणजे आपल्याकडे काही लोक लहान वटवाघळालासुद्धा पाकोळीच म्हणतात!

साधारण फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत या पाकोळ्या घरटी करतात. त्या दिवसांत त्यांच्या लाळेच्या ग्रंथी मोठ्या होतात. लाळेचा एकेक थर खडकावर लावायचा, तो वाळला की त्यावर दुसरा. मधेमधे शेवाळ, गवत, पिसं. असं कितीतरी दिवस चालतं, तेव्हा कुठं अर्ध्या वाटीएवढं घरटं तयार होतं. त्यात दोन पांढरी अंडी. आपण घर बांधायला वाळू आणतो, सिमेंट आणतो. ही आपलं घर आपल्या अंगातून काढते.

या गुहेची माहिती जुनीच आहे. ॲलन ह्यूम यांचं नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. १८८५ साली राष्ट्रीय सभेची स्थापना झाली, त्यातले हेच ह्यूम. ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या सफरीत ते या खडकांवर येऊन गेले. पुढं १९४० च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनीही इथल्या पाकोळ्या आणि सुरय पक्षी यांच्याविषयी लिहिलं.

पण पाकोळ्यांची माहिती अभ्यासकांखेरीज आणखी कुणाला तरी होती. चोरांना!

तुम्ही म्हणाल, लाळेच्या घरट्याची चोरी कोण करील? चीनमध्ये शेकडो वर्षांपासून या घरट्यांचं सूप करतात. ते तब्येतीला चांगलं अशी समजूत आहे. खरी मागणी असते ती आग्नेय आशियात आणि आपल्या अंदमान-निकोबार बेटांवर राहणाऱ्या पाकोळीच्या घरट्यांना, कारण ती जवळजवळ शुद्ध लाळेची, पांढरी असतात. त्यांना फार मोठी किंमत मिळते. कोकणातल्या पाकोळीच्या घरट्यात शेवाळ आणि गवत असतं, तरी त्यातली लाळ वेगळी काढतात. म्हणून इथलीही घरटी खरवडली जाऊ लागली.

खरवडली! बघा, माझ्याच तोंडचा शब्द.

घरटं गेलं की पाकोळी काय करते? पुन्हा बांधते. पुन्हा लाळ, पुन्हा थर. तेही नेलं तर पुन्हा. पण अंगातली ताकद काही संपत नाही असं थोडंच आहे? आणि घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली तर त्या वर्षीची पिढीच गेली. असं दरवर्षी होत राहिलं तर गुहा एक दिवस रिकामी होते.

चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे यांनी २००० सालाच्या आसपास वेंगुर्ला रॉक्सवरच्या पाकोळ्यांचा अभ्यास केला. घरटी चोरीला जात असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो प्रश्न सरकारपुढं आणि लोकांपुढं मांडला आणि या पाकोळ्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. वेळासच्या समुद्रकासवांची अंडी राखणारी संस्था ती हीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा पक्ष्याचं घरटं किंवा अंडी काढणं हा गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मला सगळ्यात आवडली. डॉ. रवी शंकरन नावाचे शास्त्रज्ञ होते. २००९ मध्ये ते वारले. त्यांनी अंदमान-निकोबारच्या बेटांवर गुहेगुहेत जाऊन पाकोळ्यांची घरटी मोजली. संख्या भराभर घटत होती. मग तिथल्या वनखात्याबरोबर १९९९ पासून गुहांची राखण सुरू झाली. राखणदार कोण असतील, ओळखा पाहू? जे आधी घरटी काढून विकत होते, त्यांतलीच माणसं! गुहा कुठं आहे, पाकोळी कधी घरटं बांधते, पिल्लं कधी उडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्या हातांनी घरटी काढली, त्याच हातांनी ती राखली. तिथं घरट्यांची संख्या हळूहळू वाढू लागली.

हे मला एवढं का आवडलं, ते तुम्ही ओळखलं असेल.

अकराच्या आत आम्ही किनाऱ्याला लागलो. येताना लाटा मोठ्या झाल्या होत्या आणि मला दोनदा ओकारी झाली, हेही सांगून टाकते. भाची मात्र पूर्ण वेळ हसत होती. दुपारी ताईच्या हातची सोलकढी प्याले तेव्हा जीव थाऱ्यावर आला.

सुट्टी संपली, शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी मुलांना व्हरांड्यात बसवलं आणि सगळी गोष्ट सांगितली. सुरुवात माझ्या चुकीपासूनच केली. "घरटं कशानं चिकटलं" असं विचारणारा पोरगा आता चौथीत गेलाय. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे बाई, आपण त्यांची थुंकी फुकट घालवली." मुलं हसली. तो मात्र हसला नाही. मीही हसले नाही.

मग आम्ही मोजणी केली. छताच्या कोपऱ्यात पाकोळ्यांनी नव्यानं बांधलेली घरटी होती तीन. चौदाची तीन. शेजारी चौथ्याची सुरुवात दिसत होती, चार पिसं चिकटवलेली.

शिटेचा प्रश्न आहेच. गावातल्या सुतारकाकांनी एक जुनी फळी दिली. ती मुलांनी घरट्यांच्या खाली, दोन हात अंतरावर टांगली आहे. तिच्यावर रद्दी कागद पसरायचा आणि शनिवारी तो बदलायचा, हात साबणानं धुवायचे. फरशी स्वच्छ राहते. एवढंच करायचं होतं! एक फळी आणि एक रद्दी कागद. गेल्या वर्षी मला हे सुचलं नाही.

आता संध्याकाळी शाळा सुटली तरी चार-पाच मुलं रेंगाळतात. दिवस मावळायला लागला की पाकोळ्या आकाशात घोळक्यानं किंचाळत घिरट्या घालतात आणि एकेक करून घरट्यात शिरतात. मुलं वहीत वेळ लिहितात. घरी जायला उशीर होतो म्हणून एका आईनं माझ्याकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पाहायला आली आणि अंधार पडेपर्यंत थांबली.

मुलांनो, सगळ्यांनाच समुद्रातल्या गुहेपाशी जाता येणार नाही. त्याची गरजही नाही. पाकोळ्या तुमच्याही गावात आहेत. त्यासाठी हे करून पाहा.

१. शाळा, देऊळ, जुना वाडा, एसटी स्टँड, पुलाची खालची बाजू इथं पाकोळ्यांची घरटी शोधा. शिडी लावायची नाही, हात लावायचा नाही. खालूनच मोजा.

२. सूर्य मावळताना आठवडाभर रोज पाहा. पहिली पाकोळी किती वाजता परतली, शेवटची किती वाजता, ते वहीत लिहा.

३. तारेवर बसलेला पक्षी आणि हवेत घिरट्या घालणारा पक्षी यांतला फरक ओळखा. भिंगरी कोणती, पाकोळी कोणती?

४. कुणी घर किंवा देऊळ रंगवायला काढलं असेल, तर आधी विचारा, "घरट्यात पिल्लं आहेत का?" असली तर तेवढा कोपरा पिल्लं उडेपर्यंत राहू द्या, असं सांगा.

आणि पालकांना एक विनंती. समुद्रावर सहलीला गेलात आणि होडीवाला म्हणाला, "अगदी गुहेत नेतो, बेटावर उतरवतो," तर मुलांच्या हट्टापायी हो म्हणू नका. विशेषतः फेब्रुवारी ते मे या दिवसांत. लांबूनही पुष्कळ दिसतं. आम्ही लांबूनच पाहिलं आणि काही कमी पडलं नाही.

तुमच्या गावात किती घरटी मोजलीत, ते मला पत्रानं कळवा. आमच्या चौथ्या घरट्याचं काय झालं, ते मीही कळवीन. आज सकाळी पाहिलं तेव्हा पिसं चारची सात झाली होती.

तुमची,
बाई